डोये

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. दिवसा पारा 45 च्या वर गेलेला, खोलीतला कुलर जोरात चालू, आणि त्या घरघरीत फोनची रिंग मला दुसऱ्यांदा वाजली तेव्हा ऐकू आली. नाव पाहून आधी छातीत धस्स झालं. हा मुलगा मुंबईला गेल्यापासून माझ्या वाढदिवसाला, गुरुपौर्णिमेला आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर न चुकता फोन करतो, अवेळी कधीच नाही. उठून कुलर बंद केला. पातं हळूहळू थांबलं, ताट्यांमधून टाकीत पडणाऱ्या पाण्याची टिपटिप तेवढी राहिली. पलीकडून तो म्हणाला, "मॅडम, झोपमोड केली का? एकच विचारायचं होतं. 'डोळे' हा शब्द आपल्याकडे कसा म्हणतात?"

मला प्रश्नच कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. सिनेमा छोटा आहे, पण त्यात पहिल्यांदाच त्याच्या पात्राला नाव आहे, आई-बाप आहेत, गोष्ट आहे. गाव वर्ध्याकडचं दाखवायचंय, शूटिंग चाललंय नाशिकजवळ. तो शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. दुसऱ्या दिवशी सकाळी जो सीन होता, त्यात पंचनाम्याला आलेला माणूस याला विचारतो की तुला वडील कसे दिसले, आणि यानं एवढंच म्हणायचं असतं: "बाबाचे डोये उघडेच होते." संहितेत शब्द तसाच लिहिलेला आहे, 'डोये'. संध्याकाळभर तालीम झाली. दिग्दर्शक चांगला माणूस आहे, एकदाही आवाज चढवला नाही. पण याच्या तोंडून दर वेळी 'डोळे'च येत होतं. "ठरवून 'डोये' म्हणतो तेव्हा मी कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटतं, मॅडम. आणि विसरून म्हणतो तेव्हा 'डोळे' येतं. तुम्ही एकदा म्हणून दाखवाल?"

मी म्हणून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा अख्खं वाक्य म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं की हे बरोबर नाही. शब्द तोच होता, पण तो कुठून आलेला नव्हता. तोही गप्प राहिला, मग म्हणाला, "थँक्यू मॅडम. झोपा आता."

त्या रात्री मी कुलर पुन्हा लावला नाही.

तो सहावीत होता तेव्हा पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे नाग नदी. नदी म्हणायची एवढंच, उन्हाळ्यात वर्गाच्या खिडक्या त्या बाजूनं बंद ठेवाव्या लागायच्या. तिच्या काठच्या वस्तीतून बरीच मुलं शाळेत यायची, त्यातला हा एक. वडील कळमन्याच्या मार्केटात हमाल. संत्र्याच्या दिवसांत त्याच्या दप्तरालाही सालीचा तो तिखट-गोड वास यायचा, आणि वह्या उघडल्या की पानांच्या कडांवर पिवळसर डाग. एकदा ऑफ तासाला मी वर्गावरून जात होते. वर्गात गलका नव्हता, म्हणून थांबले. हा फळ्यासमोर उभा राहून सांगत होता, "तो सांड असा आला ना, संत्र्याच्या ढिगात तोंड घालून उभा रायला, अन् कोनी जवय जाऊन नाई रायलं." मान खाली घालून त्यानं नाकपुड्या फुगवल्या. पुढच्या बाकावरची मुलगी खरोखर मागे सरकली. मग तो सांड सोडून हमाल झाला, पाठीवर पोतं घेतलेला, न वळता नुसते डोळे वळवून बघणारा. अकरा वर्षांचं पोर, आणि पाठीवरचं वजन मला दारातून दिसलं. त्याच दिवशी मी त्याला बालनाट्यात घेतला.

तालमीत मात्र वेगळंच झालं. माझी बाकीची मुलं धरमपेठेतली, लक्ष्मीनगरातली, घरी पुस्तकं असलेली. यानं पहिलंच वाक्य वाचलं, त्यात 'डोळे' होतं, आणि तो 'डोये' म्हणाला. पोरं हसली. पुढे 'जवय', 'केयं', 'पानी'. दर शब्दाला हसू. चेहरा लाल झाला, पण कागद खाली ठेवला नाही त्यानं. मला त्या हसण्याचा राग आला, आणि त्या रागातच मी ठरवलं की याला कुणी पुन्हा हसणार नाही असं करायचं. हे मी आजही खोटं मानत नाही. माझा हेतू तोच होता.

मी त्याला 'ळ' शिकवला. जिभेचं टोक मागे वळव, टाळूला टेकव, तिथून सोड. काळा, निळा, पिवळा, ढवळा, सावळा. सकाळी 50 वेळा, रात्री 50 वेळा. जीभ दिसावी म्हणून तो आईच्या कुंकवाच्या डबीतला आरसा खिशात घेऊन यायचा, रुपयाएवढा, कडेनं पारा उडालेला. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे उभा राहून तो आरशात आपलं उघडं तोंड बघत बसलेला मी कितीदा पाहिलाय. तीन आठवडे काहीच नाही. 'य' जायचा आणि त्याच्या जागी 'ल' यायचा, काला, निला. आणि एके दिवशी प्रार्थनेच्या आधी तो धावत माझ्यापर्यंत आला, दम लागलेला, म्हणाला, "मॅडम, ऐका. आभाळ." एवढाच शब्द. पुन्हा म्हणाला, "आभाळ." तो 'ळ' इतका स्वच्छ, इतका गोल होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्षकाच्या आयुष्यात असे क्षण बोटावर मोजण्याइतके येतात. आज त्याच क्षणाकडे पाहताना मला आनंद होतो आणि त्याच वेळी काहीतरी टोचतं, आणि ही दोन वेगळी करता येत नाहीत.

त्या वर्षी सायंटिफिक सभागृहात आमचं नाटक झालं. त्याला अभिनयाचं बक्षीस मिळालं. त्याची आई नेसूचं धड लुगडं नेसून आली होती, पहिल्यांदाच नाटक बघत होती. नंतर माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, पोट्टा आता घरी बी तुमच्यावानीच बोलते." तिच्या आवाजात नुसता अभिमान होता. मागे त्याची आजी उभी होती, आर्वीकडची, बापाची आई. ती काही कौतुक करायला पुढे आली नाही. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "माह्यासंगं पाहुण्यावानी बोलते तो आता." मी हसले. मला वाटलं, म्हातारीला नातवाचं मोठेपण कळत नाही. त्या वाक्याला आता पंधरा वर्षं झाली, आणि फोन आला त्या रात्री ते जसंच्या तसं, तिच्या आवाजासकट, कानात उभं राहिलं.

मला हे कुणी शिकवलं, याचा विचार करत पडले तर वडील आठवले. वडील यवतमाळचे. शिकले आणि नागपूरच्या सचिवालयात कारकून म्हणून लागले, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरीत हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या, आणि कारकुनाच्या बोलण्यात दोन्ही मिसळलेल्या असल्या तर कुणाला त्यात वावगं वाटत नसे. 1953 चा नागपूर करार झाला, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानीचं शहर राजधानी राहिलं नाही, आणि फायलींबरोबर माणसंही मुंबईला गेली. त्यात माझे वडील. चोवीस वर्षांचे. तिथल्या टेबलांवर त्यांनी पहिल्या दिवशी तोंड उघडलं तेव्हा काय झालं, ते त्यांनी आम्हाला कधी तपशिलात सांगितलं नाही. एवढंच कळलं की पहिले सहा महिने ते कामापुरतंच बोलले. पुढे बदली घेऊन परत आले, लग्न झालं, आम्ही झालो. आणि आमच्या घरात जेवताना जो नियम होता तो असा की 'ळ' ला 'य' म्हणणाऱ्याच्या पानातला गोड पदार्थ मागे ठेवायचा. वडील रागावत नसत. वाटी फक्त सरकवायचे. मी फार लवकर शिकले. पण रात्री उशिरा, त्यांचा चुलतभाऊ गावाहून आलेला असला की, बैठकीत दिवा बारीक करून दोघं बोलत बसायचे, आणि पलीकडच्या खोलीतून मला ऐकू यायचं: "यवतमायले पानी आलं का?" गाव त्यांच्या तोंडून असंच यायचं, मऊ, मधे काही न अडखळता. सकाळी ते पुन्हा यवतमाळ व्हायचं.

तर ती वाटी मी पुढे सरकवली. माझ्या पानावरून त्या पोराच्या पानावर.

तो पुढे वाढला तो नाटकातच. कॉलेजात एकांकिका, देशपांडे सभागृह, मग राज्य नाट्य स्पर्धेत लहानशी कामं. त्याच्या भाषेचं परीक्षक नाव घेऊन कौतुक करायचे, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून ते माझंच कौतुक असल्यासारखं ऐकायचे. बी.ए.चं शेवटचं वर्ष संपल्यावर घरी पैशाची ओढाताण झाली. बापाची पाठ गेली होती. तेव्हा तो एक सीझन झाडीपट्टीत गेला. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं. भाऊबीजेपासून जे सुरू होतं ते होळीपर्यंत, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, आज या गावी, उद्या त्या. गावात जुना रिवाज असा की दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. बसणाऱ्यांसाठी जमीन उतरती खणलेली, थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसलेली हजारो माणसं. 2023 मध्ये परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या पुष्कळांना झाडीपट्टी पहिल्यांदा कळली, पण या रंगभूमीवर माणसं पिढ्यानपिढ्या पोट भरत आलीत. तो तिथून मला फोनवर सांगायचा, मॅडम, इथं 'ळ' चा 'र' होतो, डोळ्याला डोरा म्हणतात. त्याला त्याचं नवल वाटायचं, एखाद्या परक्या गावची गंमत सांगावी तसं. आजीचा 'डोया' त्याला आठवत नव्हता, की आठवत होता आणि त्यानं म्हटला नाही, कुणास ठाऊक. त्या चार महिन्यांत त्याचा आवाज मोठा झाला, पोटातून यायला लागला. आणि घरी पैसेही आले.

2021 च्या अखेरीला तो विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला गेला. मी स्टेशनवर गेले होते. आईनं बांधून दिलेल्या पोळ्या आणि फल्लीची चटणी, एक सॅक, आणि ऑडिशनसाठी म्हणून मित्रानं दिलेला निळा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता हातात धरलेला. पुढची तीन वर्षं मी त्याच्या तोंडूनच ऐकली. मालाडला एका खोलीत पाच जण. सकाळी वर्सोव्याला आरामनगर, गल्लीबोळातली ती कास्टिंगची घरं, दाराबाहेर रांग, कुणाच्या हातात इस्त्रीचा शर्ट, कुणी भिंतीकडे तोंड करून ओठ हलवतोय. कधी दारातूनच 'नॉट फिट'. आत गेलं तर कॅमेऱ्यासमोर नाव, उंची, वय, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, कुठले? "नागपूर म्हटलं की, मॅडम, त्यांचा चेहरा लगेच खुलतो. म्हणतात, अरे मग नागपुरी करून दाखव ना. मी विचारतो, काय करू? ते म्हणतात, काहीतरी विनोदी." दोन मालिकांत त्याला काम मिळालं, एकीत वॉचमन, एकीत हवालदार. दोन्हीकडे त्यानं ओढून-ताणून 'काहून बे' म्हणायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात पडत, तेही कापून. तो तक्रार करत नसे. काम आहे, म्हणायचा.

यावर मला मनापासून बोलायचंय. वऱ्हाडी आणि नागपुरी बोली लोकांना आवडते, हे खरं आहे. भारत गणेशपुरेंसारख्या नटानं ती घराघरांत पोचवली, त्यांचं मला फार अप्रूप आहे. एका नटानं आपली भाषा न लपवता एवढं प्रेम मिळवणं ही लहान गोष्ट नाही. पण पडद्यावर आमच्या बोलीला बहुतेक वेळा हसवायलाच बोलावतात. स्वयंपाकी, वॉचमन, दारुडा, भोळा पाहुणा. प्रेमात पडलेला मुलगा त्या बोलीत सहसा बोलत नाही, आणि मेलेल्या बापाजवळ बसलेला मुलगा तर नाहीच. ज्या जिल्ह्यांत इतक्या बापांनी गळफास घेतला, विषाचे डबे तोंडाला लावले, तिथली पोरं आपल्या बापाबद्दल कोणत्या भाषेत बोलली असतील? त्यांनी ते सगळं 'डोये', 'जवय', 'मले' यातच म्हटलं ना. आम्हाला ते ऐकायची सवय नाही एवढंच. दुःखाची भाषा म्हणून आमच्या कानांनी दुसरीच भाषा धरून ठेवली, आणि ती धरून ठेवायला मीही शिकवत होते, रोज, पगार घेऊन, प्रेमानं.

2018 च्या डिसेंबरात 'झुंड'चं शूटिंग नागपुरात सुरू झालं तेव्हा शहरात दुसरा विषय नव्हता. अमिताभ बच्चन कुठं दिसले, कोणत्या रस्त्यानं गेले. गोष्ट आमच्याच विजय बारसे सरांची, हिस्लॉप कॉलेजातले खेळाचे शिक्षक, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देणारे. नागराज मंजुळेंनी मुलं इथल्याच वस्त्यांतली घेतली. माझा हा पोरगा तेव्हा कॉलेजात होता, एकांकिकेच्या तालमीत बुडालेला, आणि माझ्या मनात आलंही नाही की त्याला म्हणावं, जा, बघून ये. माझ्या लेखी तो आता त्या पोरांतला राहिला नव्हता. हे वाक्य लिहिताना हात थांबतोय, पण तेव्हा मला तसंच वाटत होतं.

सिनेमा आला 4 मार्च 2022 ला. मी दुपारच्या खेळाला एकटीच गेले. हिंदी सिनेमा, पण पोरांच्या तोंडी आमच्या चौकातली हिंदी, अर्धी मराठी, खर्ऱ्याची पुडी तोंडात धरून बोलल्यासारखी. माझ्या मागच्या रांगेत कॉलेजची मुलं होती, ती पहिल्या दहा मिनिटांत शिट्ट्या मारून मोकळी झाली आणि मग एकदम शांत बसली. अंकुश गेडाम नावाचा नागपूरचाच तरुण, यापूर्वी कधी सिनेमात नव्हता, आणि तो अमिताभ बच्चनसमोर उभा राहून डगमगत नव्हता. मान थोडी तिरपी. बोलताना समोरच्याकडे न बघता बाजूला बघायचं, आणि ऐकताना मात्र थेट. हे असं बघणं मी वस्तीतल्या मुलांमध्ये वर्गात रोज पाहिलेलं, आणि रोज म्हटलेलं, "इकडे बघून बोल." पुढच्या वर्षी त्याला फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पण मी त्या दुपारी अंधारात बसून एकच गोष्ट करत होते: हा मुलगा माझ्या तालमीत आला असता तर मी त्याचं काय काय दुरुस्त केलं असतं, याची यादी. ती फार लांब झाली.

असं घडायला सुरुवात आधीच झाली होती. 2016 मध्ये 'सैराट' आला आणि अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू बोलली, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुली पंधरा दिवस करमाळ्याकडचं बोलत होत्या. त्या आधी 'कोर्ट'मध्ये वीरा साथीदार, नागपुरात चळवळीत राबलेला माणूस, नट नव्हेच, आणि तरी लोकशाहीर नारायण कांबळे म्हणून उभा राहिला तो कायमचा. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या त्या भयंकर लाटेत, ते इथंच गेले. ही सगळी नावं मला माहीत होती. मी त्यांच्यावर वर्गात बोलले होते, टाळ्या घेतल्या होत्या. आणि तासानंतर बालनाट्याच्या तालमीला जाऊन मुलांना पुन्हा सांगितलं होतं, काळा, निळा, पिवळा.

प्रमाण भाषा नको असं माझं म्हणणं नाही. तो 'ळ' त्याला यायलाच हवा होता. तो आला नसता तर वॉचमनच्या पलीकडचं दार त्याला कुणी दाखवलंही नसतं. माझी चूक नेमकी कुठं झाली ते मी त्या रात्री शोधत होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला सापडलं ते इतकंसं होतं. त्या दिवशी वर्गात सांड उभा करणारं पोर मी पाहिलं होतं. त्याला 'आभाळ' शिकवलं तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की घरी 'आभाय'च म्हण बेटा, आजीला दुसरं कळणार नाही. एक वाक्य. ते मी म्हटलं नाही, कारण ते माझ्या बापानं मला म्हटलं नव्हतं.

सकाळी सात वाजता मी वस्तीत गेले. ऊन तापायच्या आत. आजी स्लॅबवर होती, ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, जुन्या लुगड्याच्या पट्टीवर मुंगवड्या घालत होती. पितळी गंजात भिजवून वाटलेली मुगाची डाळ, त्यात हिरवी मिरची, आलं, सांबार म्हणजे कोथिंबीर. चार बोटांत गोळा घ्यायचा, अंगठ्यानं पुढे लोटायचा, टिचकी दिल्यासारखा कपड्यावर सोडायचा. एकसारख्या, एका रेषेत. मी जवळ बसले, गंजात हात घातला, माझ्या वड्या मोठ्या पडायला लागल्या. तिनं काही न बोलता दोन उचलल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. तिला मी ते वाक्य म्हणायला लावणार होते. वाटेत तेच ठरवलं होतं. पण समोर बसल्यावर मेलेल्या बापाचं वाक्य त्या बाईच्या तोंडी घालणं मला जमेना, तिचा मुलगा खाली खाटेवर पाठ धरून पडलेला असताना. मग मी नुसतं विचारलं, "आजी, दिसतं का नीट?"

"उजव्या डोयाचं आपरेशन झालं," ती म्हणाली. "डाव्याचं रायलं. डॉक्टर म्हने पिकू द्या. डोया काय आंबा हाय पिकाले? या डोयानं तुमी दिसता, त्या डोयानं नुसतं धुकट. रातीले दोनी डोये मिटते तं सारखंच."

मी तिला विचारून पुन्हा बोलायला लावलं आणि फोनवर टिपून घेतलं. त्याच्याकरता आहे म्हटल्यावर तिनं पदर नीट केला, जणू फोटो काढतेय. मागे कावळे ओरडत होते, खाली नळावर बादल्या वाजत होत्या, ते सगळं त्यात आलं. तिथंच बसून पाठवून दिलं.

त्याचा निरोप दुपारी आला. शॉट सकाळीच झाला होता, लाईट जाईल म्हणून थांबता आलं नाही, 'डोळे'च गेलं. दिग्दर्शक म्हणाले, डबिंगला बघू. डबिंग दिवाळीच्या सुमाराला. खाली आणखी एक ओळ होती: आजीचा आवाज व्हॅनमध्ये बसून ऐकला, चार वेळा, आता सारखा ऐकतोय. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी "सुट्टी मिळाली की आधी आजीला भेट" एवढंच पाठवलं.

पण हे दुपारचं. सकाळी स्लॅबवरून मी उठत होते तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं, पायाखालचं सिमेंट आत्ताच कोमट लागत होतं. आजीनं गंज पुसून घेतला, बोटाला लागलेलं पीठ शेवटच्या वडीवर निपटलं. हाताला डाळीचा आणि सांबाराचा वास येत होता, माझ्याही. तिनं उजव्या, बऱ्या डोळ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तसं.

"तुमचं गाव कोनतं, मॅडम?"

पिशवी खांद्याला लावता लावता मी म्हटलं, "यवतमाय."